शेवटची दहा मिनिटं

सोहारच्या मॉलमध्ये चार नंबरच्या पडद्यापाशी
अकरा वर्षं माझी ड्यूटी: झाडू, टॉर्च, काळी पिशवी.
सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधी दार ढकलून आत उभं राहायचं.
म्हणून मला सगळे शेवट माहीत आहेत
आणि सुरुवात एकाचीही नाही.

त्या मालिकेचे पाच भाग आले माझ्यासमोर.
वीर दोन. इंग्रजी नावं पोस्टरवर राहिली,
आमच्या खोलीत पेवेकरने बारसं केलं:
बोटांतून वीज सोडणारा, टकळी न थांबणारा तो तडतड्या.
डोंगर उचलणारा, एक अक्षर न बोलणारा तो ओझ्या.
"तू ओझ्या," पेवेकर मला म्हणाला, कांदा चिरता चिरता,
आणि स्वतःचं काही न सांगता हसला.

पहिल्याचा शेवट:
ओझ्याने पूल खांद्यावर धरलाय, शेवटची बस जाईपर्यंत.
तडतड्या कॅमेऱ्यांसमोर केस नीट करतोय.
शिट्ट्या सगळ्या तडतड्याला.
कुम्मा घातलेला एक म्हातारा तेवढा ओझ्याकडे बघत होता,
घरी नेऊन पाठ शेकून द्यावीशी वाटत असणार त्याला.

दुसऱ्यात अख्खं शहर काळोखात, तडतड्याच्याच चुकीने.
तो हात खिशात घालून उभा.
बस, एवढंच. हात खिशात.
मधलं मला पेवेकर सांगायचा, सुट्टीला तिकीट काढून पाहिलेलं.
या भागाचं काही बोलला नाही.
त्याच महिन्यात, लोकांच्या गाड्यांना टेकून काढलेले
आपले फोटो त्याने फोनमधून पुसले.

तिसरा. गुरुवारची रात्र, हॉल भरलेला.
ओझ्याच्या खांद्यावर आता धरण,
खालून माणसं ओरडतायत, आणखी थोडं, आणखी थोडं,
आणि तो तोंड उघडतो. तीन भागांत पहिल्यांदा.
"आज नाही."
माझ्या हातातला झाडू पडला.
कुणीतरी शुक् केलं.

बहिणीचं लग्न, श्रीवर्धनच्या घराचा स्लॅब,
भावाच्या होडीचं इंजिन, मग पुन्हा इंजिन.
भावाचा फोन आला तेव्हा
बाहेर ऑगस्ट होता, काचेला घाम फुटलेला.
मी म्हणालो, "या महिन्यात नाही."
बराच वेळ नुसता समुद्राचा आवाज. इकडचा की तिकडचा, कोण जाणे.
मग तो म्हणाला, "बरं."
धरण फुटलं नाही.
(फुटलं नाही याचं थोडं वाईटही वाटलं.)

चौथा उशिरा आला. मधे साथ होती,
खुर्च्यांवर प्लास्टिक, पगार अर्धा,
पेवेकरची खाट रिकामी. दापोलीला गेला तो गेलाच.
मेसेजमध्ये फक्त लिहितो, "ठीक."
मिठाचा भावही गोष्ट करून सांगणारा माणूस!
तेव्हा चौथ्याचं मधलं मला कायमचं गाळलेलं.
शेवटी तडतड्या एका इस्पितळाला उरलीसुरली वीज देऊन टाकतो
आणि बसस्टॉपवर बसतो, सुट्टे मोजत.
शिट्टी एकही नाही.

पाचवा लागून आठवडा झाला.
ओझ्या बोलतो आता, भिकार विनोदसुद्धा करतो.
समोर साधी लोखंडी पेटी.
त्याच्याने ती उचलत नाही की त्याला उचलायची नाही,
ते मधे कुठे असेल, मला ठाऊक नाही.
तो इंग्रजीत काहीतरी म्हणतो, खाली अरबी अक्षरं,
मला ऐकू आलं ते आमच्या खळ्यातलं:
"जरा हात लाव."
आणि तडतड्या, ज्याच्या बोटांत आता काही नाही,
एक बाजू धरतो.

नावं वर सरकू लागली. एक पोरगा बसूनच राहिला:
"अंकल, नंतर काही आहे?"
आठ खेळ पाहिलेत मी. नंतर काही नाही.
तरी म्हणालो, "थांब."

लाह्या, बर्फ, चिकट सरबत. पिशवी टम्म.
नवा पोरगा टेकबहादूर, नेपाळचा, आज चौथा दिवस.
दमून माझ्या तोंडातून मराठीच निघालं.
शब्द त्याला कळले नाहीत.
टोक त्याने बरोब्बर धरलं.